औषध म्हणतो, पण ते विष आहे

धाराशिव जिल्ह्यात, परंडा तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. काळभैरवनाथाचे गाव. चैत्रात तिथे यात्रा भरते. लांबलांबून माणसे येतात. यात्रा संपली, पाहुणे परतले, की गाव पुन्हा आपल्या कामाला लागते. पाऊस पडला की तूर, उडीद, सोयाबीन. पुढे रब्बीची ज्वारी. पाणी असेल त्याचा ऊस. पीक उगवले की त्याच्या मागोमाग अळी येते, मावा येतो, गवत माजते. मग सकाळी वाटेवर भेटणारा माणूस विचारतो,

"दादा, आज कुठं?"

"औषध मारायला."

आपण औषध म्हणतो. तापावरही औषध आणि अळीवरही औषध. शब्द एकच. पण गावात कुणी दबक्या आवाजात म्हणाले, "त्यानं औषध घेतलं," तर आपण काय समजतो? छातीत धस्स होते. कोणते औषध, हे विचारावे लागत नाही. म्हणजे ते विष आहे हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. प्याले तर माणूस मरतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

ठाऊक नसते ते वेगळेच. ते न पिताही अंगात जाते. तोंडातून जाते, नाकातून जाते, आणि सगळ्यांत जास्त कातडीतून जाते.

हे पटायला जरा जड जाते. कातडी म्हणजे आपल्याला भिंत वाटते. पाणी अंगावर ओतले तर ते आत जात नाही, खाली निथळते. मग औषध कसे जाईल? पण विचार करा. अळी काही बाटलीला तोंड लावत नाही. तिच्या अंगावर थेंब पडतो आणि ती मरते. पुष्कळशी औषधे कातडीतून आत शिरावीत अशीच बनवलेली असतात. ती तेलकट द्रवात कालवलेली असतात. पाणी निथळते, पण तेल अंगात मुरते. माणसाची कातडी अळीपेक्षा जाड, म्हणून माणूस लगेच पडत नाही, एवढाच फरक.

सगळ्या अंगाची कातडीही सारखी नसते. तळहाताची कातडी राठ. तिथून औषध त्या मानाने कमी जाते. कपाळ, मान, काखा इथून पुष्कळ जास्त जाते. जांघेत तर कातडी फार नाजूक. तिथून सगळ्यांत भराभर जाते. आता पाठीवर पंप घेतलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. पंपाचे झाकण नीट बसलेले नाही. चालताना हिंदकळून औषध पाठीवर सांडते, पाठीवरून कमरेला येते. समोर ओले पीक. त्यातून चालताना मांड्या भिजतात. कपडा ओला झाला की तो अंगाला चिकटतो आणि औषधाची पट्टी बांधल्यासारखा दिवसभर तसाच राहतो. वरून ऊन, अंगाला घाम. घामेजलेली, तापलेली कातडी औषध आणखी लवकर आत घेते. ज्या जागेतून ते सर्वांत जास्त जाते, तीच जागा सर्वांत जास्त भिजते. दुपारी तो माणूस हातावर तंबाखू मळतो. तिथून पुढे तोंडाची वाट आहेच.

आता यवतमाळची हकिगत ऐका. ही फार जुनी नाही.

२०१७ सालचा पावसाळा. यवतमाळ जिल्ह्यात कापूस मोठा. त्या साली झाडे खूप वाढली. कुठे कुठे माणसाच्या डोक्याइतकी झाली. किडीही पडल्या. शेतकऱ्यांनी फवारणी सुरू केली. जुलैपासून पुढे दवाखान्यात माणसे येऊ लागली. कुणाला उलट्या, कुणाला चक्कर. कुणाच्या डोळ्यांना नीट दिसेना. कुणी बेशुद्ध. यांनी विष प्याले नव्हते. हे सगळे शेतात फवारणी करून आलेले. दोन-चार माणसे नव्हेत, शेकडो माणसे आजारी पडली. यवतमाळच्या वसंतराव नाईक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा भरून गेल्या. त्या एका जिल्ह्यात २० हून अधिक माणसे मेली. त्यांत पुष्कळ जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारे मजूर होते. सरकारने चौकशीला पथक नेमले. काही औषधांची विक्री काही काळ थांबवली.

असे का झाले? कारण एक नव्हते. झाड डोक्याइतके उंच. त्यामुळे नळी वर धरून फवारावे लागले, आणि वर मारलेले औषध तोंडावर, छातीवर परत आले. बॅटरीचे आणि पेट्रोलचे पंप आले होते. हाताच्या पंपापेक्षा ते जोराने आणि धुक्यासारखे बारीक फवारतात. धुके हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. हवा दमट, वारा पडलेला. पिकाच्या दाटीत ते धुके कोंडून राहिले. शिवाय एका टाकीत दोन-दोन, तीन-तीन औषधे कालवलेली. दुकानात सहज सांगतात, "हे पण टाका, जोर येईल." जोर येतो हे खरे. पण तो फक्त अळीवरच येतो असे नाही.

आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे रोजचे काम. शेतकरी आपल्या शेतात एक-दोन दिवस फवारतो. मजूर आज याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात, असा पंधरा-पंधरा दिवस फवारतो. त्याचे काय होते, ते आता पाहू.

आपल्या अंगात नसा असतात. डोके हुकूम सोडते आणि नस तो पोचवते. हात उचल, श्वास घे, थुंकी सोड. बैल जुंपल्यावर आपण "चल" म्हणतो. बैल चालू लागतो. बांध आला की "हो, हो" म्हणून थांबवतो. अंगातही तसेच आहे. "चल" म्हणणारा एक पदार्थ आहे, आणि "थांब" म्हणणारा दुसरा आहे. फवारणीची पुष्कळशी औषधे त्या "थांब" म्हणणाऱ्यालाच मारतात. मग बैल थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, ती थांबत नाही. डोळ्यांतून पाणी, अंगाला घाम, पोटात कळा, उलटी, जुलाब. हातापायांचे स्नायू आपोआप उडू लागतात. छातीत पाणी साचल्यासारखा घरघर आवाज येतो. शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकून पडतात.

हा "थांब" म्हणणारा पदार्थ अंगात नव्याने तयार होतो, पण फार सावकाश. एकदा कमी झाला की पुरता भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. कणगीतले धान्य रोज मापभर काढले आणि घातले चिमूटभर, तर काय होईल? पहिल्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठव्या दिवशी माणूस म्हणतो, "आज जरा डोकं जड हाय." दहाव्या दिवशी नेहमीएवढेच औषध अंगावर पडते आणि माणूस आडवा होतो. घरचे म्हणतात, "रोज तर मारत हुता, आजच काय झालं?" तेच झाले. रोज मारत होता म्हणूनच झाले.

"मला सवय हाय, मला काय होत न्हाई," असे म्हणणारा माणूस प्रत्येक गावात असतो. दारूची सवय होते, तंबाखूची होते. विषाची सवय होत नाही. कणगी मात्र रिकामी होत जाते.

तुम्ही म्हणाल, सोनारीला आमचा मुख्य जीव कापसावर नाही. खरे आहे. पण तूर आहे ना? तूर फुलात आली, शेंगा धरू लागली, की शेंगा पोखरणारी अळी येते. तेव्हा तूर केवढी असते? खांद्याला लागते, चांगल्या रानात डोक्याच्या वर जाते. म्हणजे नळी वर धरणे आलेच. यवतमाळच्या कापसात जे झाले, ते तुरीतही होऊ शकते. जुनी माणसे तुरीखाली कापड धरून झाड हलवत. अळ्या पटापट खाली पडत. त्या गोळा करून मारत. कष्टाचे काम खरे, पण त्यात कुणी दवाखान्यात गेले नाही. आजही अळी थोडी असताना हे चालते. ५ किलो निंबोळ्या कुटून त्यांचा अर्क १०० लिटर पाण्यात फवारतात, तोही सुरुवातीला उपयोगी पडतो. पण अळी वाढल्यावर शेतकरी डबा आणणारच. घरात वर्षाचे पीक त्याच्यावर टांगलेले असते. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

मग डबा आणल्यावर काय करायचे?

पुस्तकात लिहितात: रबरी हातमोजे घाला, गमबूट घाला, चष्मा लावा, तोंडावर मुखवटा बांधा, अंगभर कपडे घाला. हे सगळे बरोबर आहे. पण हे लिहिणारा भाद्रपदाच्या उन्हात पंधरा लिटरचा पंप घेऊन चालला आहे की नाही, ही शंका येते. एवढे घालून माणूस उकडून निघतो. आणि रोजावर आलेल्या मजुराने हे आणायचे कुठून? एखादा मजूर मेला की लोक म्हणतात, "त्यानं मोजे घातले न्हवते." त्याला मोजे दिले होते का, हे कुणी विचारत नाही. कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालचा आहे. त्याचे १९७१ चे नियम सांगतात की फवारणाऱ्याच्या अंगावर योग्य संरक्षक कपडे असले पाहिजेत. पंप ज्याचा आणि शेत ज्याचे, त्याने पंपाबरोबर मोजेही द्यावेत. मजुराने मागायला लाजू नये. बैलाला पेंड मागताना लाज वाटत नाही.

सगळे जमत नसेल तर निदान कशाला सोडायचे नाही, ते सांगतो.

डब्यातले निव्वळ औषध ओतताना मोजे हवेतच. पाण्यात कालवलेल्यापेक्षा ते कितीतरी कडक असते. हाताने ढवळू नका, काठीने ढवळा. पंपाला पाण्याची फवारणी करून आधी पाहा. गळत असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत काम नाही. पाठीला आणि मांड्यांना ओल लागू नये म्हणून खताच्या गोणीतला प्लॅस्टिकचा कागद धुऊन, पाठीमागे व पुढे, कमरेपासून गुडघ्यापर्यंत बांधला तरी पुष्कळ वाचते. फवारणी सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर करा. वाऱ्याकडे पाठ करून चाला. नळीचे तोंड तुंबले तर तोंडाने फुंकू नका. हे फार जण करतात, आणि औषध थेट ओठांवर घेतात. काडीने किंवा तारेने साफ करा. तोंडावरचा रुमाल ऊन आणि धूळ अडवतो. औषधाची वाफ अडवत नाही. भिजला तर तोच रुमाल नाकावर धरलेले औषध होतो.

आणि साबण. एक वडी साबण आणि एक घागर पाणी बांधावर हवे. अंगावर औषध सांडले तर घरी जाईपर्यंत थांबायचे नाही. काम तिथेच टाकायचे, कपडा काढायचा, साबणाने धुवायचे. घरी आल्यावरही आधी आंघोळ, मग लेकरू उचलायचे.

घरातल्या बाईविषयी कुणी बोलत नाही, म्हणून बोलतो. ती फवारत नाही. ती टिपाडात पाणी आणून देते. दुसऱ्या दिवशी त्याच रानात खुरपायला जाते, पाने अजून ओली असतात. आणि संध्याकाळी नवऱ्याचा औषधाने भिजलेला सदरा उघड्या हाताने चोळून धुते, लेकराच्या झबल्याबरोबर. वहिनी, तो सदरा वेगळा धुवा. जमले तर ज्याने भिजवला त्यालाच धुवायला सांगा. अंगावर पाजणारी किंवा पोटुशी बाई फवारणीच्या रानात त्या दिवसांत नकोच. फवारल्यानंतर किती दिवस रानात जायचे नाही, हे डब्याबरोबरच्या कागदावर लिहिले आहे का ते पाहा.

एवढे करूनही माणूस आजारी पडला तर?

पहिली चूक इथेच होते. फवारणी करताना माणूस गळाठतो. लोक म्हणतात, "ऊन लागलं असंल." झाडाखाली निजवतात, लिंबूपाणी देतात. तासभर जातो. तो तासच मोलाचा असतो. ऊन लागलेल्याचे तोंड बहुधा कोरडे पडते. विषाने बहुधा लाळ सुटते, आणि डोळ्याची बाहुली आकसून सुईच्या टोकाएवढी होते. पण हे नेहमी ओळखू येईलच असे नाही. तेव्हा एवढे धरून चाला: फवारलेल्या माणसाला त्या दिवशी काहीही झाले, तर पहिला संशय औषधाचा.

त्याला रानाबाहेर काढा. कपडे काढा. लाजायची ही वेळ नाही. साबण-पाण्याने अंग धुवा, केस धुवा, डोळ्यांवर स्वच्छ पाणी ओता. धुणाऱ्याने आपल्या हातावर मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी चढवावी. माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवा, म्हणजे उलटी नरड्यात अडकणार नाही. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. पुष्कळ औषधे रॉकेलसारख्या तेलात असतात. उलटी होताना ते तेल फुप्फुसात उतरते आणि एकाचे दोन दुखणे होते. दूध, तूप, ताक काही पाजू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. गाडी लांब असेल तर मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा.

आणि डबा बरोबर न्या. हे विसरू नका. ज्या औषधांनी "थांब" म्हणणारा मरतो, त्यांच्यावर डॉक्टरांजवळ उतारा आहे. अ‍ॅट्रोपीन नावाचे इंजेक्शन देतात, बरोबर आणखीही औषध देतात. वेळेवर नेलेली माणसे त्याने वाचतात. पण प्रत्येक विषाचा उतारा एक नसतो. गवत जाळायचे पॅराक्वाट नावाचे औषध आहे. त्याला उताराच नाही. ते फुप्फुसे निकामी करते. डॉक्टरांना डबा दिसला की नेमके काय गेले ते कळते. डबा नसला की अंदाजाने चालावे लागते.

आता डब्याची गोष्ट. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाने हे जरूर वाचावे.

डब्यावर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. तांबडा रंग म्हणजे अति जहाल विष. वर कवटी आणि दोन हाडेही काढलेली असतात. पिवळा म्हणजे जहाल. निळा त्याहून कमी. हिरवा सर्वांत कमी. पण हिरवे म्हणजे पाणी नव्हे. रंगाचे माप हे एकदाच अंगात गेल्याचे माप आहे. निळ्या औषधात पंधरा दिवस भिजले तर तेही पुरे होते. मोनोक्रोटोफॉस हे तांबड्या रंगातले. भाजीपाल्यावर वापरायला त्याला २००५ सालीच मनाई झाली होती. २०२३ साली सरकारने त्याच्या ३६ टक्क्यांच्या द्रावणावर बंदीचा हुकूम काढला. एंडोसल्फानला तर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. माळ्यावर जुनी बाटली पडली असेल तर नाव वाचून पाहा. असली तर वापरू नका, कृषी सहायकाला दाखवा.

माळ्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठात पॅराथिऑन नावाचे असेच औषध मिसळले गेले. जहाजातून येताना दोन्ही माल जवळ ठेवलेला होता. ते पीठ खाऊन शंभरावर माणसे मेली. त्यानंतर चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कायदा आला. आपल्या घरी औषधाची बाटली ज्वारीच्या पोत्याला टेकून ठेवलेली असते. ती घरात ठेवूच नये. वेगळ्या पेटीत, कुलपात ठेवावी. उरलेले औषध दारूच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नये. पोर तहानलेले असते, आणि त्याला वाचता येत नाही.

रिकामा डबा तीनदा पाण्याने विसळा. ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, ओढ्यात नको. मग डब्याला भोके पाडा, म्हणजे तो कुणी पाण्याला किंवा तेलाला घेणार नाही. विहिरीपासून लांब, खोल पुरा.

डब्याबरोबर घडी घातलेला एक कागद येतो. तो सगळे जण फेकून देतात. त्यावर मराठीतही लिहिलेले असते, पण अक्षर फार बारीक. छापणाऱ्यांना कागदाची एवढी काटकसर का सुचते, कळत नाही. दिवसाच्या उजेडात, अंगणात बसून वाचा. अडले तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. तीन गोष्टी शोधा: कोणत्या पिकाला किती घालायचे, विष बाधले तर काय होते, आणि उतारा कोणता. उताऱ्याच्या ओळीखाली पेनाने रेघ ओढा. कागद पंपाच्या पट्ट्याला पिशवीत बांधून ठेवा. आणि फवारणीला जाताना घरी सांगून जा, आज कोणत्या नावाचे मारतो आहे ते.